खिडकीतून टाकलेला रुमाल

2024 ची बकरी ईद 17 जूनला, सोमवारी होती. नमाज झाली, कुर्बानी झाली, गोश्ताचे वाटे घरोघरी पोहोचवून झाले. दुपारनंतर कोंढव्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नेहमीप्रमाणे पाहुण्यांची ये-जा सुरू झाली. आमची मोठी मुलगी सरबताचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि जो तो तिला एकच प्रश्न विचारू लागला, ‘‘बेटा, डॉक्टरकीचं काय झालं?’’

‘‘सध्या थांबलंय,’’ ती सांगत होती. पाचव्या-सहाव्या वेळी तर तिने फक्त मान हलवली.

फुफी आमच्या शेजारी बसल्या होत्या. वयाने, मानाने घरातल्या सगळ्यांत मोठ्या. आमच्या लग्नाच्या वेळी याच फुफींनी आपल्या बांगड्या मोडून खर्चाला हातभार लावला होता. त्यांनी आवाज हळू केला आणि म्हणाल्या, ‘‘सगळं थांबलेलंच आहे, तर एक स्थळ सांगू का? मुलगा दुबईत आहे, नमाजी आहे, घर चांगलं आहे. नुसतं पाहायला काय हरकत आहे? नाहीतरी पोरगी घरीच बसून आहे.’’

‘नाहीतरी घरीच बसून आहे.’ हे शब्द आम्ही ऐकून घेतले, हसून विषय बदलला. पण रात्री भांडी आवरताना आम्ही दोघंही गप्प होतो. कारण क्षणभर का होईना, आम्हालाही ते पटलं होतं.

हे सगळं का थांबलं होतं, ते थोडक्यात सांगतो. नीटची परीक्षा त्या वर्षी 5 मेला झाली. देशभरातून सुमारे 23 लाख मुलांनी ती दिली. निकाल 14 जूनला लागणार असं सांगितलं होतं, तो दहा दिवस आधीच, 4 जूनला लागला. त्याच दिवशी लोकसभेची मतमोजणी होती. सगळा मोहल्ला टीव्हीसमोर बसला होता आणि आम्ही मोबाइलच्या छोट्या पडद्याकडे डोळे लावून होतो. गुण चांगले आले. किती, ते इथे लिहीत नाही. लिहिलं की वाचणारा तेवढंच वाचतो, हे शिक्षकी पेशात आम्ही पुरेपूर पाहिलं आहे.

मुलीचं एक स्वप्न होतं. पुण्यातलं आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज, ज्याला सगळे एएफएमसी म्हणतात. 1948 साली ही संस्था पुण्यात स्थापन झाली आणि 1962 पासून तिथे एमबीबीएसचं शिक्षण सुरू आहे. सोलापूर रस्त्याने जाता-येता मुलगी लहानपणापासून वानवडीतला तो परिसर, गणवेशातली ती मुलं पाहत आली होती. आमच्यासारख्या पगारदार घराला तिथली आणखी एक गोष्ट महत्त्वाची. तिथे लाखांची फी भरावी लागत नाही. त्याबदल्यात डॉक्टर झाल्यावर सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी म्हणून काम करण्याचा करार करावा लागतो. जागा मात्र मोजक्याच. देशातल्या 145 विद्यार्थ्यांपैकी मुलींसाठी फक्त 30. आणि इथे नुसत्या नीटवर प्रवेश मिळत नाही. नीटच्या गुणांवरून निवडलेल्या मुलांना पुण्यात बोलावतात, इंग्रजी आणि तर्काची वेगळी परीक्षा घेतात, मानसिक चाचणी घेतात आणि मग समोर बसवून मुलाखत घेतात. आज डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी मुलाखत देणं ही फार थोड्या मुलांच्या वाट्याला येणारी गोष्ट आहे.

त्या मुलाखतीचं बोलावणं येण्याआधीच सगळी गाडी अडली. पैकीच्या पैकी गुण मिळवणारी 67 मुलं निघाली आणि लोक चक्रावले. वेळ वाया गेला म्हणून 1563 मुलांना वाढीव गुण दिल्याचं समजलं. मग पाटणा आणि हजारीबागला पेपर फुटल्याच्या बातम्या आल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. वाढीव गुण रद्द झाले, त्या मुलांसाठी 23 जूनला पुन्हा परीक्षा झाली. आमच्या मुलीसारख्या, ज्यांचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता, त्यांच्यासमोर एकच प्रश्न उरला. परीक्षा सगळ्यांचीच पुन्हा होणार की काय? झाली तर पुन्हा पहिल्यापासून अभ्यास. नाही झाली तर मुलाखतीची तयारी. पुस्तकं उघडावीत की मिटावीत, हेच तिला कळेना.

आम्ही तिला काय सांगितलं? सब्र कर.

हा शब्द आपल्या घरांत किती सहज वापरला जातो! दूध उतू गेलं, सब्र. नोकरी गेली, सब्र. पण आम्ही स्वतः काय करत होतो? सकाळी उठल्याबरोबर बातम्या पाहायचो. न्यायालयाची तारीख पडली की दोघांचाही जेवणाचा घास अडायचा. मुलगी जरा खिडकीत उभी राहिली तरी विचारायचो, ‘‘अभ्यास झाला का?’’ सब्र आम्ही तिच्याकडून मागत होतो आणि बेसब्री आमची चालली होती.

ईदनंतरच्या आठवड्यात फुफींचा दोनदा फोन आला. मुलाकडचे लोक पुण्यात येणार होते. आम्ही ‘बघू’ म्हणालो. हे ‘बघू’ फार धोक्याचं असतं. त्यात नकार नसतो आणि होकारही नसतो, पण समोरचा त्याचा होकारच धरतो. शाळेत आम्ही हे वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत. दहावीला पहिली आलेली मुलगी अकरावीला दिसत नाही. चौकशी केली तर कोणीही तिचं शिक्षण ‘बंद’ केलेलं नसतं. प्रवेशाला उशीर झाला, एक कागद अडला, वडिलांची बदली झाली, मधले दोन महिने ती घरी होती, तेवढ्यात चांगलं स्थळ आलं. मुलगा असा अडकला तर घर म्हणतं, एक वर्ष पुन्हा प्रयत्न कर. मुलगी अडकली तर घर म्हणतं, चला, वेळ आहे तर बघून घेऊ. इतक्या मुलींच्या आई-वडिलांना आम्ही समजवायला गेलो होतो, त्यांच्या दिवाणखान्यात बसून चहा प्यालो होतो. आणि आता तेच ‘बघू’ आमच्या तोंडून निघालं होतं.

मुलीने ते ऐकलं होतं. त्या रात्री ती म्हणाली, ‘‘अम्मी, अब्बू, निकाल कोर्टात अडकलाय. मी नाही अडकले.’’

आम्हाला उत्तर सुचलं नाही. पण दुसऱ्या दिवशी स्वारगेटला एसटीची वाट पाहत उभे असताना एक दृश्य दिसलं. गाडी फलाटाला लागायच्या आतच एक म्हातारे गृहस्थ तिच्याबरोबर चालू लागले आणि त्यांनी खिडकीतून आपला रुमाल सीटवर टाकला. मग आरामात दारापाशी रांगेत येऊन उभे राहिले. जागा त्यांच्यासाठी नव्हतीच. मागून त्यांची सून मूल कडेवर घेऊन येत होती. तिला गर्दीतून पोहोचायला वेळ लागला. तोवर दोघा-तिघांनी त्या सीटपाशी येऊन रुमाल पाहिला आणि ते पुढे गेले.

आम्ही ते सगळं पाहिलं आणि मनाशी ठरवलं, आपलं काम एवढंच आहे. गाडी कधी सुटेल हे आपल्या हातात नाही. ती कुठल्या गावाला पोहोचेल हे अल्लाहला ठाऊक. पण पोर गर्दीतून वाट काढत येईपर्यंत तिच्या जागेवर दुसरं कोणी बसू नये, यासाठी रुमाल टाकून ठेवणं हे आई-बापाचं काम आहे.

फुफींना फोनवर सांगता आलं असतं, पण आम्ही दोघं भवानी पेठेत त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, ‘‘फुफी, स्थळ चांगलं आहे, यात शंका नाही. पण मुलीचं अजून थांबलेलं नाही, चालू आहे. आता आम्ही कुठलंच स्थळ पाहणार नाही.’’ त्या रागावल्या. म्हणाल्या, ‘‘फौजेत पाठवणार पोरीला? परक्या माणसांत, वर्दीत? आपल्यात कोणी केलंय असं?’’

त्यावर आम्ही त्यांना हजरत रुफैदांची आठवण करून दिली. खंदकच्या लढाईत हजरत साद बिन मुआज जखमी झाले, तेव्हा त्यांना मस्जिदे नबवीत लावलेल्या रुफैदांच्या तंबूत ठेवलं गेलं. रुफैदा जखमींची मलमपट्टी करत. युद्धात जखमींची सेवा करणाऱ्या सहाबियांची नावं आपल्या मुलींना पाठ असतात. मग आज तेच काम शिकायचं म्हटलं की ते परकं का वाटावं? याच पुण्याच्या कॉलेजात शिकलेल्या पुनीता अरोरा 2004 मध्ये देशाच्या सैन्यदलांतल्या पहिल्या महिला लेफ्टनंट जनरल झाल्या. तिथेच शिकलेल्या माधुरी कानिटकर 2020 मध्ये त्याच हुद्द्यावर पोहोचल्या आणि पुढे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. फुफींनी हे सगळं ऐकून घेतलं. पटलं असं म्हणाल्या नाहीत. निघताना मात्र मुलीसाठी डब्यात खीर भरून दिली. वर्दी, दुपट्टा, नमाजच्या वेळा यांविषयीचे त्यांचे प्रश्न चुकीचे नव्हते. त्यांची सगळी उत्तरं आमच्याजवळही नव्हती. आम्ही मुलीला इतकंच म्हणालो, ‘‘सही करण्याआधी नियम स्वतः वाच, विचार, आणि मग तूच ठरव.’’

त्यानंतर घरातली हवा बदलली. बातम्या दिवसातून एकदाच, मगरिबनंतर पाहायच्या असं ठरलं. सकाळी ती जुना अभ्यास चाळायची, परीक्षा पुन्हा झालीच तर हाताशी असावा म्हणून. दुपारी इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची. सातवीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली मुलगी, इंग्रजी समजायचं पण बोलताना जीभ अडखळायची. धाकटा भाऊ खुर्चीवर बसून मुलाखत घेणारा साहेब व्हायचा आणि असले प्रश्न विचारायचा की हसून हसून पुरेवाट. संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात ती नावं लिहून घ्यायला बसू लागली.

30 जूनला ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात आल्या. 2 जुलैला त्या सोलापूर रस्त्याने हडपसरकडे निघाल्या, तेव्हा मोहल्ल्यातल्या पोरांनी पाण्याचं आणि औषधाचं टेबल मांडलं होतं. डॉक्टरांबरोबर मुलगीही गेली. दिवसभर तिने वारकऱ्यांच्या पायांवरचे फोड धुतले, मलम लावलं, पट्ट्या बांधल्या. एका आजींनी पट्टी बांधून झाल्यावर तिच्या डोक्यावरच्या ओढणीवरून हात फिरवला आणि विचारलं, ‘‘डागदरीन हायेस का गं?’’ ती म्हणाली, ‘‘अजून नाही, माऊली.’’ घरी येऊन तिने हे सांगितलं, तेव्हा त्या ‘अजून नाही’मध्ये महिनाभर ऐकलेल्या ‘थांबलंय’पेक्षा किती वेगळा सूर होता!

6 जुलैला प्रवेशाची फेरी सुरू होईल अशी आशा होती. तीही पुढे ढकलली गेली. 17 जुलैला आशुरा आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली. आमचा रोजा, शेजारच्या काकूंचा उपास. संध्याकाळी त्यांच्याकडून केळी आणि खजूर आले. काकूंनी विचारलं, ‘‘पोरीचं काही कळलं का हो?’’ आम्ही म्हणालो, ‘‘अजून नाही.’’ तिचाच शब्द आता घरभर झाला होता.

23 जुलैला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निर्णय दिला, परीक्षा पुन्हा होणार नाही. घरात शुक्राची नमाज झाली. पण त्याच निर्णयात आणखी एक गोष्ट होती. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर धरली गेली होती. न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीच्या तज्ज्ञांना विचारलं आणि त्यांनी सांगितलं, उत्तर एकच बरोबर, चौथं. दुसरा पर्याय निवडणाऱ्या चार लाखांहून अधिक मुलांचे पाच-पाच गुण गेले. चार त्या प्रश्नाचे, एक चुकल्याचा.

मुलीने दुसरा पर्याय निवडला होता.

प्रश्न अणूंविषयी होता. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात, असं त्यातलं एक विधान. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात तसं होतं. नव्या आवृत्तीत ‘बहुतेक मूलद्रव्यांचे’ अशी दुरुस्ती झाली होती. मुलीकडे पुस्तक जुनं होतं. तिच्या चुलत भावाचं. आम्हीच आणलेलं. नवं घ्यायला पैसे नव्हते असं नाही, पण आपल्या घरांत पुस्तकं अशीच थोरल्याकडून धाकट्याकडे येतात, आणि आम्हाला त्याचा अभिमानही होता. कव्हर घालून, फाटकी पानं चिकटवून आम्ही ते तिच्या हातात दिलं होतं. त्या रात्री ते पान काढून पाहिलं. त्या वाक्याखाली भावाने पेन्सिलीने रेघ मारली होती आणि तिने त्यावर पुन्हा एक रेघ ओढली होती.

आम्हाला रडू आवरलं नाही. शिक्षक असून आवृत्ती पाहिली नाही! मुलगी मात्र उठली, पुस्तक आमच्या हातातून घेतलं, त्या ओळीत शिसपेन्सिलीने दुरुस्ती केली आणि म्हणाली, ‘‘आता हे धाकट्याला द्यायला हरकत नाही.’’

त्या क्षणी आम्हाला सूरह यूसुफमधले हजरत याकूब आठवले. त्यांचा सब्र मुका नव्हता. रडून रडून त्यांचे डोळे गेले, तरी त्यांनी मुलांना सांगितलं की जा, यूसुफचा शोध घ्या, अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नका. सब्र म्हणजे हात बांधून बसणं नव्हे आणि डोळे कोरडे ठेवणंही नव्हे. दुःख होतं तिथे दुःख, आणि शोध चालू आहे तिथे शोध. उंटाच्या दोरीची हदीस तर आपल्या सगळ्या घरांना माहीत आहे. आम्ही मात्र कित्येकदा दोरी बांधण्याआधीच तवक्कुलची चादर ओढून घेतो.

25 जुलैला पुण्यात पावसाने हाहाकार केला, सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. शाळेला सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सुधारित निकाल आला. पैकीच्या पैकीवाले 17 उरले होते. आमच्या मुलीचे पाच गुण कमी झाले आणि क्रमांक काही हजारांनी खाली गेला. प्रवेशाची फेरी 14 ऑगस्टला उघडली. तिने एएफएमसीचा पर्याय भरला आणि पुन्हा वाट पाहणं सुरू झालं. पण या वेळच्या वाट पाहण्याला घर सरावलं होतं.

बोलावणं आलं. यादीच्या पार शेवटाला, पण आलं.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही दोघं बाहेर रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. देशाच्या कुठल्या कुठल्या टोकांहून आलेले आई-बाप तिथे होते. कोणी केरळचे, कोणी राजस्थानचे. राजस्थानच्या एका बाईंशी बोलणं झालं, त्यांच्या हातात जपमाळ होती, आमच्या हातात तस्बीह. दोघींचे, दोघांचे ओठ सारखेच हलत होते. आम्ही पुणेकर म्हणून यजमानच! सगळ्यांसाठी चहा आणला. मुलगी बाहेर आली तेव्हा दमलेली होती, पण चेहरा शांत होता. ‘‘काय विचारलं?’’ असं आम्ही विचारणार नाही असं ठरलं होतं. तिनेच सांगितलं, ‘‘निकाल लागल्यावर इतके दिवस काय केलं, असं विचारलं. मी पालखीचं सांगितलं. इंग्रजीत. एकदाच अडखळले.’’

अंतिम यादीत तिचं नाव लागलं नाही. प्रतीक्षा यादीतही वर सरकलं नाही. पुढे राज्याच्या फेरीत दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका सरकारी महाविद्यालयात तिला जागा मिळाली. अल्हम्दुलिल्लाह, आता ती तिथे दुसऱ्या वर्षाला आहे. त्या पाच गुणांनी काय बदललं असतं, याचा हिशोब आम्ही खूप रात्री मांडला. मग सोडून दिला. ज्या गाडीसाठी रुमाल टाकला होता ती गाडी नाही मिळाली. पण रुमाल टाकण्याची सवय लागली होती, म्हणून पुढच्या गाडीत जागा मिळाली.

गेल्या ईदला फुफी आल्या. गुडघा दुखतो म्हणून मुलीसमोर पाय लांब करून बसल्या. तिने गुडघा दाबून पाहिला, दोन प्रश्न विचारले, आणि म्हणाली, ‘‘फुफी, मी अजून डॉक्टर नाही. उद्या तुम्हाला आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे घेऊन जाते.’’ फुफी आमच्याकडे पाहून म्हणाल्या, ‘‘दुबईवाल्याचं लग्न झालं बरं का.’’ आणि हसल्या.

या अंकाचे वाचक असलेल्या आई-वडिलांना आमचं एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरातही एखादी मुलगी आज थांबलेली असेल. निकालासाठी, कागदासाठी, फीसाठी, यादीसाठी. ‘नाहीतरी घरीच आहे’ हे वाक्य तिच्याविषयी कोणालाही बोलू देऊ नका, आणि स्वतःच्या मनालाही बोलू देऊ नका. तिला ‘सब्र कर’ म्हणण्याआधी तिच्या जागेवर आपला रुमाल आहे की नाही, ते पाहा. आणि हो, पुस्तक जुनं असेल तर आवृत्तीही पाहा.

अल्लाह आपल्या सगळ्या मुला-मुलींसाठी वाटा सोप्या करो आणि वाट पाहण्याच्या दिवसांत आपल्याला त्यांच्या बाजूने उभं राहण्याची तौफीक देवो. आमीन.